अमेरिकन पश्चिमेच्या इतिहासमंडळात आपल्या माणसाने जावं का? एका निवृत्त शिक्षकांना उत्तर

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलात. निवृत्तीनंतर कोलोरॅडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या अरोरात लेकीकडे राहायला आला आहात. ग्रंथालयात 'वेस्टर्नर्स' नावाच्या इतिहासमंडळाच्या मासिक सभेचं पत्रक पाहिलंत. तिथे कोण येतं, काय करतात, काउबॉयच्या टोप्या घालून हौस भागवणं असतं की खरा अभ्यास असतो, आणि या मातीशी नातं नसलेल्या माणसाला तिथे काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

मी इथल्या अशाच एका मंडळाचा बऱ्याच वर्षांपासूनचा सभासद आहे, काही काळ त्याचं सचिवपदही सांभाळलं आहे. माझं उत्तर सरळ आहे. जरूर जा, पण नुसते श्रोते म्हणून जाऊ नका. एखादा लहानसा, याच परिसरातला प्रश्न हातात घेऊन जा. या मंडळांचा प्राण अशा प्रश्नांत आहे.

थोडी पार्श्वभूमी. 1944 मध्ये शिकागोत लेलंड केस आणि एल्मो स्कॉट वॉटसन या दोघांनी वेस्टर्नर्सची सुरुवात केली. केस हे 'द रोटेरियन' मासिकाचे संपादक, तर वॉटसन पत्रकारितेचे प्राध्यापक. दोघांनाही पश्चिमेच्या इतिहासाची ओढ. समविचारी मंडळींनी महिन्यातून एकदा एकत्र जेवावं, एकाने निबंध वाचावा, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावावं, एवढीच मूळ कल्पना. लगोलग डेन्व्हरला आणि 1946 मध्ये लॉस एंजेलिसला शाखा निघाल्या, पुढे देशभर पसरल्या. शाखेला 'कॉरल' किंवा 'पॉसी' म्हणतात. कॉरल म्हणजे गुरांचा गोठाण-वाडा, पॉसी म्हणजे शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, गुन्हेगाराच्या पाठलागासाठी गोळा केलेली माणसं. अध्यक्षाला शेरीफ म्हणायचं, खजिनदाराला 'कीपर ऑफ द चिप्स', चिटणिसाला 'रजिस्ट्रार ऑफ मार्क्स अँड ब्रँड्स'. बायसनची एक कवटी समोर ठेवलेली असते, तिचं नाव 'ओल्ड जो'. सभा सुरू होताना सगळे मिळून त्याला नमस्कार घालतात. या साऱ्याला बिचकू नका. पाच-दहा मिनिटांत ते संपतं आणि मग खुर्च्या सरकवून लोक टाचणवह्या काढतात.

तुम्हाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं तेव्हाही हेच होतं: विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी जमायचं, सापडलेला कागद सगळ्यांपुढे ठेवायचा, निबंध वाचायचा, तो छापायचा. मंडळाच्या पाक्षिक सभा आणि त्रैमासिक आपल्याला ठाऊक आहेत. इथे सभेला 'राउंडअप' म्हणतात आणि छापील संग्रहाला 'ब्रँड बुक'. जनावरांवर डाग देण्याच्या खुणांची सरकारी नोंदवही म्हणजे ब्रँड बुक, तेच नाव मंडळांनी उचललं. त्या खुणा वाचायलाही तुम्ही इथेच शिकाल. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत, असा क्रम. अक्षर आडवं पडलेलं असेल तर 'लेझी', खाली कमान असेल तर 'रॉकिंग', पंख फुटलेले असतील तर 'फ्लाइंग'. आमच्यातल्या एका बाई गुरांच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या आहेत. जुन्या फोटोतल्या बैलाच्या मांडीवरचा डाग बघून तो कोणत्या खोऱ्यातला कळप असेल याचा तर्क त्या बसल्या जागी बांधतात.

सभासद कोण, असं विचारलंत. बहुतेक साठीच्या पुढचे. निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, वकील, परिचारिका, मोजणी खात्यातली माणसं, रेल्वेत काम केलेले, ग्रंथपाल, चौथ्या पिढीचे शेतकरी. इतिहासाची पदवी असलेले थोडेच, आणि ते इथलं बलस्थान आहे असं मी मानतो. खाणीच्या इतिहासावर खाणीत उतरलेला माणूस बोलतो तेव्हा प्राध्यापकालाही वही काढावी लागते. छंद तर असे की ऐकून थक्क व्हावं. कोणी बंद पडलेल्या टपाल कार्यालयांचे शिक्के जमवतो. ओस पडलेलं खाणगाव कोणत्या सालापर्यंत जितं होतं हे पाकिटावरचा शिक्का कुठल्याही आठवणीपेक्षा खात्रीने सांगतो. कोणी काटेरी तार जमवतो. जोसेफ ग्लिडनने 1874 मध्ये पेटंट घेतल्यावर तारेचे शेकडो प्रकार निघाले आणि मोकळं कुरण संपलं. संग्राहक 18 इंचांचा तुकडा हे प्रमाण धरतात, फळीवर ओळीने ठोकतात, आणि काट्याची गाठ कशी मारली आहे त्यावरून पेटंट ओळखतात. कुंपणावरची तार ओळखता आली की ते कुंपण कोणत्या सालाआधी घातलेलं असूच शकत नाही, हे कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातल्या अनेक शाखा दीर्घकाळ फक्त पुरुषांच्या होत्या, आणि जवळपास सगळ्या गोऱ्यांच्या. आज दारं उघडी आहेत, पण खोलीत शिरल्यावर आपण वेगळे दिसतो हे खरं. पहिल्या सभेत दोघे-तिघे विचारतील, "तुम्हाला आमच्या इतिहासात रस कसा काय?" खवचटपणा नसतो त्यात, खरंच कुतूहल असतं. त्याचं सर्वात चांगलं उत्तर म्हणजे तुमचा प्रश्न.

आता त्या प्रश्नाबद्दल, कारण खरं काम इथे आहे. मी तुम्हाला सुचवीन तो असा: तुमच्या लेकीचं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन सरकारकडून पहिल्यांदा कोणी घेतली?

सातबारा आणि फेरफार वाचायची सवय असलेल्या माणसाला हे अवघड नाही. इथली जमीन चौकटीत मोजलेली आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. 1862 च्या होमस्टेड कायद्याने चतुर्थांश सेक्शन, म्हणजे 160 एकर, जवळजवळ फुकट मिळायचे. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. एकवीस वर्षांवरच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणालाही अर्ज करता येई. त्यात एकट्या स्त्रिया आणि विधवाही आल्या, आणि नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेले परदेशीही. या कायद्याखाली शेवटी सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली.

घराच्या करपावतीवर किंवा काउंटीच्या नकाशावर टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे आकडे मिळतात. ते घेऊन केंद्रीय भूमी व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर गेलात की मूळ जमीनपट्ट्याचं चित्र दिसतं. नाव, तारीख, पट्ट्याचा क्रमांक. बहुतेक लोक इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. तो क्रमांक देऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून मूळ प्रकरणाची फाईल मागवा. त्याला पैसे पडतात आणि वाट पाहावी लागते, पण जमीन होमस्टेडची असेल तर त्या फाईलमध्ये माणूस भेटतो. घर किती फुटी, लाकडाचं की मातीच्या ढेपांचं, विहीर आहे का, किती एकर नांगरले, काय पेरलं, मध्ये किती महिने गैरहजर होता आणि का, हे सगळं शपथेवर लिहिलेलं असतं. शेजारच्या साक्षीदारांचे जबाब असतात. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचा कागदही. मी पाहिलेल्या एका फाईलमध्ये एका विधवेने गैरहजेरीचं कारण लिहिलं होतं: मुलांच्या शाळेसाठी हिवाळ्यात गावात राहावं लागलं. एका ओळीचं ते उत्तर, पण त्या भागात तेव्हा शाळा नव्हती हे आम्हाला त्यातूनच उमगलं.

मग स्थानिक वर्तमानपत्र. पट्टा पक्का करण्याआधी साक्षीदारांच्या नावांसह नोटीस छापावी लागे, त्यामुळे त्या काळची साप्ताहिकं अशा नोटिसांनी भरलेली आहेत. कोलोरॅडोची जुनी वर्तमानपत्रं मोठ्या प्रमाणावर विनामूल्य पाहायला मिळतात. चार साक्षीदार म्हणजे चार शेजारी. ती नावं जुळवत गेलात की वस्तीचा नकाशा उभा राहतो. जनगणनेत एक खड्डा आहे तो लक्षात ठेवा. 1890 ची केंद्रीय जनगणना 1921 च्या आगीत आणि तिच्यानंतरच्या हेळसांडीत बहुतांश नष्ट झाली. पण कोलोरॅडोने 1885 मध्ये राज्याची जनगणना केली होती, ती इथे कामी येते. जागा शहरातली असेल तर सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा. गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी. धोबीखाना कुठे, तबेला कुठे, भिंतीची जाडी किती, सगळं त्यात असतं. डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पश्चिम-इतिहास विभाग या कामासाठी माझ्या मते देशातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, आणि तिथल्या मंडळींना प्रश्न विचारलेले आवडतात.

मात्र पट्टा सापडला म्हणजे जमिनीची गोष्ट सुरुवातीपासून कळली असं समजू नका. तुमचं घर आहे तो सगळा मुलूख 1851 च्या फोर्ट लॅरमी तहाने शायान आणि अरापाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा म्हणून अमेरिकन सरकारने मान्य केलेला होता. 1858 मध्ये सोन्याच्या बातमीने गर्दी झाली, डेन्व्हर वसलं, आणि 1861 च्या फोर्ट वाइज तहाने त्यांना आग्नेयेकडच्या एका लहान तुकड्यात ढकललं. त्या तहावर मोजक्याच प्रमुखांच्या सह्या होत्या आणि बाकीच्यांनी तो कधी मानला नाही. पहिला पट्टेदार कोण, या प्रश्नाला जोडूनच पट्टा देण्याचा अधिकार सरकारकडे कसा आला, हा प्रश्न येतो. निबंधात दोन्ही असायला हवेत. याबाबत मी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नये.

त्यात सँड क्रीक सर्वात जड. 29 नोव्हेंबर 1864 ला कर्नल जॉन शिव्हिंग्टनच्या सुमारे 675 सैनिकांनी, शांततेची बोलणी केलेले शायान प्रमुख ब्लॅक केटल यांच्या सँड क्रीक ओढ्याकाठच्या तळावर पहाटे हल्ला केला. राष्ट्रीय उद्यान सेवा मृतांचा आकडा 230 धरते. त्यात बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही, डिसेंबरात वरिष्ठाला पत्र लिहून जे पाहिलं ते कळवलं, चौकशीत साक्ष दिली, आणि एप्रिल 1865 मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात त्याचा खून झाला. तरी डेन्व्हरच्या विधानभवनासमोरच्या 1909 च्या स्मारकावर सँड क्रीकची नोंद 'लढाई' म्हणून झाली होती. खुलाशाची पाटी 2002 मध्ये लागली. सोल आणि त्याचा सहकारी जोसेफ क्रेमर यांच्या पत्रांच्या प्रती 2000 साली एका घरातल्या जुन्या कागदांत सापडल्या आणि त्या जागेला राष्ट्रीय स्थळाचा दर्जा देण्याच्या चर्चेत त्यांचं मोठं वजन पडलं. हे स्थळ 2007 मध्ये खुलं झालं. हत्याकांडाच्या वेळचे गव्हर्नर जॉन एव्हन्स यांचं नाव असलेल्या पर्वताला 2023 मध्ये 'ब्लू स्काय' हे नाव दिलं गेलं. मंडळात या विषयावर अजून आवाज चढतात. चढू द्या. तुम्ही पत्रं वाचून बोला. सोलची कबर डेन्व्हरच्या रिव्हरसाइड दफनभूमीत आहे, लेकीला म्हणा एका रविवारी घेऊन चल.

तसाच हॉप ॲली. 31 ऑक्टोबर 1880 ला डेन्व्हरच्या चिनी वस्तीवर, म्हणजे हॉप ॲलीवर, जमाव चालून गेला, घरं-धोबीखाने फोडले, लूक यंग नावाच्या माणसाला ठार केलं. त्या जागी लागलेल्या पाटीवर वस्तीचं नाव अफूशी जोडलं होतं आणि चिनी माणसांपेक्षा त्यांना वाचवणाऱ्या गोऱ्यांचीच नावं ठळक होती. 2022 मध्ये शहराने माफी मागितली आणि ती पाटी उतरवली. पाटीवर काय लिहायचं हे ठरवताना कागद कोणी वाचलेत, याला किती किंमत आहे ते तिथे दिसतं.

शिक्षकाने काय करावं असं विचाराल तर अमाचीचं उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रॅनाडा गावाजवळ जपानी वंशाच्या लोकांना कोंडून ठेवलेली छावणी होती. एका वेळी सात हजारांहून अधिक माणसं, त्यातली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक. नंतर उरले ते काँक्रीटचे पाये, झुडपं आणि एक दफनभूमी. 1993 मध्ये गावच्या शाळेतले शिक्षक जॉन हॉपर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जागा साफ करायला, छावणीतून गेलेल्यांना पत्रं लिहून आठवणी गोळा करायला आणि एक छोटं संग्रहालय चालवायला सुरुवात केली. पोरं बदलत गेली, काम थांबलं नाही. 2022 मध्ये कायद्याने ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. हे ज्यांनी उभं केलं ती एका लहानशा गावातल्या शाळेची मुलं होती, हे मी दर वेळी नवीन सभासदांना सांगतो.

सहलींबद्दलही विचारलंत. वसंत आणि शरद ऋतूत मंडळ बाहेर पडतं. सांता फे ट्रेल हा मिसुरीहून सांता फेला जाणारा जुना गाडीमार्ग 1821 मध्ये विल्यम बेकनेलने व्यापारासाठी चालू केला आणि 1880 मध्ये रेल्वे सांता फेला पोचल्यावर तो ओसरला. त्याच्या चाकोऱ्या आजही गवतात दिसतात. मात्र दिसण्याची वेळ असते. उन्हं कलली की सावली पडते आणि उथळ घळई एकदम उठून येते, भर दुपारी त्याच जागी उभं राहूनही काही कळत नाही. गाडीच्या चाकोरीत आणि पावसाने कापलेल्या ओघळीत फरक कसा ओळखायचा, हे अनुभवी माणसाबरोबर चालूनच येतं. ओघळ उताराच्या हुकमाने वळते, वाट मुक्कामाच्या आणि पाण्याच्या ओढीने जाते. ला हुंटाजवळचा बेंट्स ओल्ड फोर्ट, 1833 मध्ये व्यापारासाठी बांधलेला आणि 1976 मध्ये पुन्हा उभारलेला, मुद्दाम बघा. किल्ले पाहिलेल्या माणसाला मातीच्या विटांचा हा कोट बघताना शंभर प्रश्न पडतील.

रानात वागायचे नियम कडक आहेत. खाजगी जमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. गेट जसं होतं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, कारण गुरांच्या पाण्याची वाट त्यावर ठरते. केंद्र सरकारच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू विनापरवाना उचलायला 1979 च्या कायद्याने बंदी आहे. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, वस्तू तिथेच राहू द्या. थडग्यावरची अक्षरं पुसट असतील तर खडू किंवा दाढीचा फेस फासू नका, दगड खराब होतो. एक साधा आरसा न्या आणि उन्हाची तिरीप कडेने पाडा, अक्षरं वाचता येतात.

परकेपणाची शंका उरली असेल तर जोसेफ रोझा यांचं नाव लक्षात ठेवा. लंडनच्या परिसरात राहणारा हा माणूस 1876 मध्ये डेडवुडला मारल्या गेलेल्या वाइल्ड बिल हिकॉक या पश्चिमेतल्या गाजलेल्या बंदूकबाजाचा सर्वात विश्वासार्ह चरित्रकार ठरला, आणि इंग्लंडमधल्या वेस्टर्नर्स सोसायटीचा अध्यक्षही होता. समुद्रापलीकडून पत्रव्यवहार करत त्याने दंतकथा एकेक करून तपासल्या. तुम्ही तर इथेच आहात.

आणि दुसरा निबंध कशावर, तेही सुचवून ठेवतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले, ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या कृषी महाविद्यालयांत शिकले आणि गदर चळवळीच्या पायाभरणीत होते. 1913 मध्ये ऑरेगनच्या ॲस्टोरियात लाकूड गिरण्यांतल्या भारतीय मजुरांसमोर या चळवळीची बैठक झाली. खानखोजे पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या संशोधनात रमले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हेही पश्चिम किनाऱ्यावरूनच गदरमध्ये आले, आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फासावर गेले. पश्चिमेची जमीन, तिथले मजूर, लाकूड, रेल्वे, वंशद्वेष यांच्यावर बोलणाऱ्या मंडळाला ही माणसं बहुधा माहीत नसतात. मराठीतली साधनं तुम्ही वाचू शकता, खोलीतलं दुसरं कोणी वाचू शकत नाही. पण हे नंतर. आधी लेकीच्या घराखालची जमीन, कारण त्या कामात कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून होतात आणि मंडळाची माणसंही जोडली जातात.

निबंध वाचताना वेळ पाळा. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. चित्रं मोजकी, नकाशा एक तरी हवाच, आणि प्रत्येक विधानाचा कागद जवळ ठेवा, कारण मागच्या रांगेतला निवृत्त वकील नक्की मागणार. इंग्रजीच्या उच्चारांची चिंता करू नका. सावकाश बोला, गावांची नावं फळ्यावर लिहा. फळ्याची सवय तुम्हाला आहेच.

जेवण बहुधा मांसाहारी असतं. जागा राखून ठेवताना चिटणिसाला शाकाहारी आहे असं कळवलंत तर सोय होते, ऐनवेळी सांगितलंत तर सॅलडवर भागवावं लागतं. गाडी चालवत नसाल तर तेही कळवा, तुमच्या बाजूचा एखादा सभासद आनंदाने घेऊन येईल, आणि येता-जातानाच्या त्या गप्पांत सभेपेक्षा जास्त शिकायला मिळतं. उन्हाळ्यात काही मंडळं सभा बंद ठेवतात, म्हणून पत्रकावरची तारीख एकदा फोन करून विचारा. पहिल्या दिवशी बरोबर न्यायचं ते एवढंच: जमिनीचे टाउनशिप, रेंज, सेक्शनचे आकडे लिहिलेला एक कागद. तो टेबलावर ठेवून शेजारच्याला विचारा, "हे शोधायला सुरुवात कुठून करू?"